वेणीबाई आणि वरचे अण्णा

बंगळूरच्या चिकपेटला मी पडद्यांचं कापड आणायला गेले होते आणि परतले ती व्हिडिओ गेमचा डबा घेऊन. पडदे अजून जुनेच आहेत.

कापडाच्या दुकानात मला हवा तो रंग नव्हता. जो होता तो हव्या त्या रंगाहून कसा सरस आहे हे दुकानदार मला कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत पटवत होता. मी चौथ्या भाषेत, मनातल्या मनात, त्याला काय वाटेल ते बोलून घेतलं आणि मागच्या गल्लीत निसटले. तिथं चार्जर, वायरी आणि रिमोट यांची दुकानं. त्यातल्या एका दुकानातून आधी एक घंटा वाजली, मग ढोलाचे तीन ठोके पडले, आणि माझे पाय थांबले. चौथा ठोका जरा उशिरा पडतो हे मला माहीत होतं. तो उशिराच पडला.

दुकानातल्या छोट्या टीव्हीवर वेणीबाई उभी होती. पिवळा झगा, कमरेला पट्टा, गुडघ्यापर्यंत वेणी. मारामारीच्या त्या गेममध्ये आठ भिडू होते. त्यांची खरी नावं पडद्यावर इंग्रजीत यायची, पण ती वाचायची तसदी साताऱ्याच्या पोरांनी कधी घेतली नाही. हातात वल्हं असलेला तो वल्हेवाला, अंगावर बसून चिरडणारा जाड्या ते पोतं, गळ्यात माळ घातलेला तो बुवा, आणि वेणीनं फटके मारणारी ती वेणीबाई. मी कायम वेणीबाईच घ्यायचे. तिला तीस-बत्तीस वर्षांनी बंगळूरच्या एका गल्लीत उभी पाहून मला रडू आलं. ते सांगायला मला लाज वाटत नाही. दुकानदाराला वाटली असावी, कारण मी काही बोलायच्या आतच त्यानं भाव उतरवला.

डबा पिशवीत घालताना त्यानं विचारलं, मुलांसाठी का? मी म्हटलं, नाही, वडिलांसाठी. "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, असं म्हणून त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला आणखी काही सांगावंसं वाटलं नाही.

माझ्या वडिलांना मी अप्पा म्हणते. आई गेल्यावर मी त्यांना साताऱ्याहून जे. पी. नगरला माझ्याकडे आणलं, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. घरात आम्ही दोघंच, तळमजल्यावर भाड्यानं. सकाळी साडेआठला मी इंदिरानगरच्या ऑफिसला निघाले की अप्पा आणि भिंती. त्यांना कन्नड येत नाही, हिंदी जेमतेम. कुरकुर मात्र त्यांनी एकदाही केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. आमच्या घरात न बोलण्याची सवय जुनी आहे, आणि त्या न बोलण्याच्या तळाशी एक गोष्ट माझी आहे. ती आधी सांगते.

मी शाळेत असताना अप्पांचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. पार्लर म्हणायचं आपलं. स्टँडसमोरच्या गाळ्यात दोन मोठी मशीनं, दाराला खाकी पडदा आणि टोकनं ठेवायला एक बरणी. अप्पा हाताचे हुशार. मशीन बिघडलं की मागचं दार उघडून अर्ध्या तासात चालू करायचे. चालू झालं की मला हाक मारायचे, "बघ गं, चालतंय का." मी स्टुलावर उभी राहायचे, वेणीबाई घ्यायचे आणि दोन डाव खेळून सांगायचे की उडीचं बटण अडकतंय, किंवा दांडा डावीकडे ढिला आहे. ते माझं ऐकून पुन्हा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे. दहा-अकरा वर्षांच्या पोरीचं म्हणणं एवढ्या गंभीरपणे ऐकणारा दुसरा माणूस मला नंतर भेटला नाही. आज मी सॉफ्टवेअर तपासून देण्याचा पगार घेते, म्हणजे माझा धंदा तोच आहे, फक्त आता कुणी ऐकत नाही.

गावात मात्र त्या दुकानाचं नाव चांगलं नव्हतं. पोरं शाळा बुडवून तिथं जातात असं सगळे म्हणायचे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. आमच्या शाळेत एकदा प्रार्थनेनंतर बाईंनी सगळ्यांना सांगितलं, स्टँडसमोरच्या त्या दुकानाची पायरी चढायची नाही. मी पहिल्या ओळीत उभी होते. त्याच आठवड्यात बाई वर्गात एकेकाला उभं करून वडिलांचा व्यवसाय रजिस्टरमध्ये लिहून घेत होत्या. माझ्या आधीची म्हणाली, बँकेत. माझ्या मागे कुणीतरी आधीच हसायला लागलं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "इलेक्ट्रिशियन."

बाईंनी मान वर केली, पण माझ्याकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं. दारात अप्पा उभे होते. मी कंपासपेटी घरी विसरले होते, ती द्यायला आले होते. बाईंनी त्यांना विचारलं, इलेक्ट्रिशियन ना? अप्पा म्हणाले, "हो बाई." पेटी टेबलावर ठेवली आणि गेले. संध्याकाळी घरी काही बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोन महिन्यांनी मशीनं एका टेंपोत चढली, गाळा रिकामा झाला आणि अप्पा मोटार वायंडिंगच्या कारखान्यात कामाला लागले. तिथंच निवृत्त झाले. दुकान का बंद केलं हे मी कधी विचारलं नाही, कारण मला उत्तर माहीत आहे असं वाटायचं. आणि ते उत्तर त्यांच्या तोंडून ऐकायची माझी छाती नव्हती.

म्हणून तो डबा. माफी मागायला तोंड उघडत नाही तर वस्तू आणून ठेवायची, ही आमच्या घराण्याची रीत. आई रुसली की अप्पा मसाला सुपारी आणायचे.

मी डबा टीव्हीला जोडला, घंटा वाजली, ठोके पडले. अप्पा पेपर वाचत होते. त्यांचा पेपर हलला नाही, पण चौथ्या ठोक्याच्या आधी त्यांचा पायाचा अंगठा हलला. ते मी पाहिलं. मी म्हटलं, अप्पा, एक डाव? ते म्हणाले, "ते खूळ पुन्हा घरात कशाला आणलंस?" आणि आत जाऊन पडले.

मग मी एकटीच खेळले. वेणीबाईचा मोठा फटका मारायचा तर खाली, मागं, मग क्षणभर सोडून एकदम पुढं आणि लाल बटण. मला वाटलं होतं विसरले असेन. डोकं विसरलं होतं, अंगठा विसरला नव्हता. पहिल्याच प्रयत्नात वेणी सपकन फिरली आणि पोतं आडवं झालं. मी एकटीच हसले, आणि आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला खरा नव्हता. पण अप्पा बाहेर आले नाहीत.

त्याऐवजी आले अण्णा.

अण्णा म्हणजे आमचे घरमालक, पहिल्या मजल्यावर राहणारे. वय अप्पांएवढंच, सत्तरीपुढचं. कुठल्याशा कारखान्यात फोरमन होते. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, मुलीच्या बाळंतपणासाठी मैसूरला गेलेल्या, त्यामुळे तेही वर एकटेच. दुपारी चार वाजता ते खाली यायचे, अप्पांना घेऊन कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याउभ्या खायच्या हॉटेलात, कॉफी प्यायला जायचे. दोघांची हिंदी सारखीच लंगडी असल्यानं त्यांचं छान जमलं होतं. त्या संध्याकाळी ते पाण्याची टाकी धुणार आहेत हे सांगायला आले आणि टीव्हीसमोरच उभे राहिले. मग बसले. मग म्हणाले, "मॅडम, स्वल्प मुझे भी."

पाऊण तासात त्यांनी मला एकदाही हरवलं नाही आणि त्यांचा उत्साह एकदाही कमी झाला नाही. त्यांना वल्हेवाला आवडला. हातात खरंच वल्हं असल्यासारखं ते तो रिमोट दोन्ही मुठींत आवळून धरायचे आणि वल्हेवाला डावीकडे गेला की स्वतःही डावीकडे झुकायचे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अप्पांचा पिच्छा पुरवला. कॉफीहून परत आले की दारातच विचारायचे, "एक गेम, सार?" सार म्हणजे सर. अप्पांनी पहिल्या दिवशी डोळ्यांचं कारण दिलं, दुसऱ्या दिवशी चष्म्याचं. मग ॲसिडिटी झाली. एका सोमवारी त्यांनी गुडघा दुखतो असं सांगितलं. खेळायचं बसून, आणि कारण गुडघ्याचं. अण्णांनी मात्र ते खरं मानलं आणि वरून कसलंसं तेल आणून दिलं. मला अप्पांचा राग आला. अण्णा वर गेल्यावर मी म्हटलंही, समोरचा माणूस एवढं विचारतोय तर एकदा बसायला काय जातं? अप्पा म्हणाले, मी ते सोडलंय. सोडायला ते काय तंबाखू होतं का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते का सोडलं हा प्रश्न त्याच्या मागोमाग आला असता, म्हणून मी भांडी घासायला गेले.

मंगळवारी दुपारी साडेचारला अप्पांचा फोन आला. मी ऑफिसात एका बैठकीत होते. अप्पा एरवी दिवसा फोन करत नाहीत, म्हणून उचलला. ते अगदी शांतपणे म्हणाले, "वरचे अण्णा गेले."

मी विचारलं, कुठं? विचारता विचारताच मला कळलं. कसे गेले विचारलं तर म्हणाले, माहीत नाही, वर कुलूप आहे, दवाखान्यातच असतील, तू ये. मी लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि मेट्रो गाठली. वाटेत अण्णांना फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. मैसूरला अक्कांना लावायला बोट गेलं आणि थांबलं, कारण त्यांना अजून कळलं नसेल तर मी काय सांगणार होते? मॅजेस्टिकला गाडी बदलताना गर्दीत उभी राहून मी त्या माणसासाठी रडले. ज्याला मी आठ महिन्यांत भाड्याच्या आणि पाण्याच्या पलीकडे एक शब्द विचारला नव्हता, त्यानं माझ्या बापाला रोज चार वाजता घराबाहेर काढलं होतं. ते काम माझं होतं.

घरी पोचले तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. दार उघडंच होतं. अप्पा धुतलेला पांढरा सदरा घालून कोचावर बसले होते. शेजारी केळीच्या पानात बांधलेला शेवंतीचा हार. समोर टीव्ही चालू, डबा चालू, पडद्यावर आठही भिडू ओळीनं उभे, आणि अप्पांच्या हातात रिमोट. ते खेळत नव्हते. भिडू निवडायच्या जागी चौकट वल्हेवाल्यावर नेऊन ठेवली होती आणि नुसते बघत होते.

मी त्यांच्याजवळ बसले. ते म्हणाले, "काल विचारत होता गं. मी म्हटलं गुडघा दुखतोय. खेळायला गुडघा कुठं लागतो?"

त्यांचे डोळे भरले होते. आई गेली तेव्हाही मी ते पाहिलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. थोड्या वेळानं विचारलं, तुम्हाला सांगितलं कुणी? ते म्हणाले, वरची कामवाली. चार वाजता ती जिना झाडत होती, डोळे पदरानं पुसत होती. अप्पा फाटकात अण्णांची वाट बघत होते, तिला विचारलं, अण्णा? तर ती रडतच वर बोट दाखवून म्हणाली. मग अप्पा थोडे घुटमळले. "बाई चांगली आहे, पण बोलायची रीत बघ. आपण गेले म्हणतो, वारले म्हणतो. ती सरळ म्हणाली, अण्णा मेले. मला नाही तसं सांगवलं तुला."

मला आधी काही कळलंच नाही. मग हात धरल्याधरल्याच मी विचारलं, नक्की काय म्हणाली? ते म्हणाले, तेच. अण्णा मेले. पुढं काहीतरी इद्दारे-बिद्दारे.

इथं सात वर्षं राहून मला जे थोडंफार कन्नड येतं त्यात रिक्षावाल्याचं आणि दुकानदाराचं कन्नड आहे. सरळ, डावीकडे, खाली, वर. कन्नडमध्ये मेले म्हणजे वर. अण्णा मेले इद्दारे, म्हणजे अण्णा वर आहेत. बाईनं वर बोट दाखवलं ते गच्चीकडे, आणि अप्पांनी पाहिलं ते आभाळाकडे. ध चा मा झाल्याचं शाळेत शिकले होते. आमच्याकडे मे चा गे झाला होता, तोही निव्वळ सभ्यपणापायी. अप्पांनी मला फोनवर बाईचाच शब्द सांगितला असता तर मी ऑफिसातल्या खुर्चीवरून उठलेही नसते.

मी त्यांना हे समजावत होते आणि त्यांचा विश्वास बसत नव्हता. ती रडत होती ना, ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. तेवढ्यात फाटक वाजलं आणि अण्णा आत आले, जरा घुश्शातच. त्यांची फिर्याद अशी. ते चार वाजता घराला कुलूप लावून गच्चीवर वाळत घातलेल्या ब्याडगी मिरच्या गोळा करत होते, कामवालीनं मदत केली, तिच्या डोळ्यांत गेल्या, त्यामुळे उशीर झाला. पाचला खाली येऊन बेल वाजवली तर सार घरात नाहीत. एकटेच कॉफीला गेले असतील म्हणून हे दर्शिनीत गेले, तर तिथंही नाहीत. आणि फोन? फोन वर मिरच्यांच्या सुपाशेजारी राहिला. अप्पा तेव्हा हार आणायला गेले होते.

अप्पा उठून उभे राहिले. मला वाटलं ते मिठी मारतील. त्यांनी अण्णांच्या दंडाला धरून हलवलं, दोनदा, आणि मराठीत रागावून विचारलं, "सांगून जायला काय होतं तुम्हाला?" अण्णांना शब्द कळला नाही, पण हात कळला. ते माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना हिंदीत सगळं सांगितलं. सांगताना मला हसू यायला लागलं आणि मग थांबेना. अण्णाही हसले. म्हणाले, मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं, आमच्यात असं म्हणतात. आमच्यातही म्हणतात. मग त्यांचं लक्ष हाराकडे गेलं. फुलं छान आहेत, वाया कशाला घालवायची म्हणून ते तो वर देवाला घेऊन गेले. अप्पांनी मला डोळ्यांनी खुणावलं, नको म्हण. पण कुठल्या तोंडानं म्हणणार? देवाला कळलं असेल तर त्यानं मनाला लावून घेतलं नाही, कारण अण्णांची तब्येत अजून ठणठणीत आहे.

पाच मिनिटांत ते परत खाली आले आणि काही बोलायच्या आत अप्पांनी दुसरा रिमोट त्यांच्या हातात दिला.

अण्णांनी वल्हेवाला घेतला. अप्पांनी वेणीबाई. मी कधीच अप्पांना खेळताना पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक असताना ते खेळत नसत, आणि गिऱ्हाईक नसताना मी खेळत असे. मला वाटायचं त्यांना मशीनच्या आतलंच कळतं. त्यांनी पहिल्या झटक्यात खाली, मागं, सोडून पुढं, लाल बटण केलं, आणि वल्हेवाला भिंतीवर जाऊन आपटला. तो उठेपर्यंत दुसरा फटका. मला माहीत नसलेला एक उलटा फटकाही त्यांनी काढला, वेणी पायाखालून फिरवण्याचा. मी विचारलं, हा कधी शिकलात? ते म्हणाले, तू शाळेत गेलीस की. सकाळी अकरा ते चार फारसं कोण असायचं दुकानात?

अण्णा सलग नऊ डाव हरले आणि प्रत्येक वेळी "इन्नोंदु" म्हणाले, म्हणजे आणखी एक. अप्पांनी दया म्हणून एकही सोडला नाही. मला आधी वाईट वाटलं, मग कळलं की अण्णांना तेच आवडतंय. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी इतकं बिनदिक्कत हरवलं नव्हतं. त्यांच्या तीन मुलांपैकी प्रत्येक जण त्यांच्याशी जपून बोलायचा.

तेव्हापासून हे रोजचं झालं. चारला कॉफी, पाचला डाव. मी सातला घरी आले की दोघं कोचावर आणि टीव्हीसमोर मुरमुऱ्यांची ताटली. अप्पा बोलायला लागले. माझ्याशी नाही, अण्णांशी, त्या लंगड्या हिंदीत. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. दांड्याच्या आतली स्प्रिंग कशी तुटायची, ओलावा आला की पडदा कसा हिरवा व्हायचा, एका पोरानं टोकनाऐवजी बाटलीचं चेपलेलं झाकण टाकलं ते कसं तीन दिवस निघालं नव्हतं. साताऱ्यात तीस वर्षं ज्या दुकानाचा शब्द घरात निघाला नव्हता, त्याची इत्थंभूत कथा बंगळूरला एका कन्नड माणसाला ऐकायला मिळत होती. मला अण्णांचा हेवा वाटायचा. कणीक मळता मळता मी हात थांबवून ऐकायचे, आणि पोळ्या उशिरा व्हायच्या.

एका रविवारी मी घरीच होते. दोघांचा खेळ चालू होता, मी आत मटार सोलत होते. अण्णांनी सहज विचारलं, एवढं चांगलं दुकान, मग बंद का केलं सार?

माझा हात मटाराच्या शेंगेत तसाच राहिला. टीव्हीवर ठोके पडत होते. अप्पांनी खेळ थांबवला नाही. आज हवा बरी आहे असं सांगावं त्या आवाजात ते म्हणाले, "लडकी बडी हो गई. उसको शरम लगता था. तो बंद किया."

अण्णा म्हणाले, हां, सरी. त्यांनाही ते कारण पुरेसं वाटलं. बाप माणसं एकमेकांना किती लवकर समजतात ते मी त्या दिवशी पाहिलं. अप्पांच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती, मोठेपणाही नव्हता. चप्पल चावत होती म्हणून काढून ठेवली, इतकं साधं. मी बत्तीस वर्षं ज्या वाक्याला घाबरून होते ते एवढंसं होतं.  मला वाटलं, आत्ता बाहेर गेले नाही तर पुन्हा जाणार नाही.

मी हातातली शेंग तशीच घेऊन बाहेर आले आणि टीव्हीसमोर आडवी उभी राहिले. अण्णा म्हणाले, मॅडम, दिखता नहीं. मी हलले नाही. अप्पांनी मान वर केली.

मी म्हटलं, "अप्पा, मला लाज वाटायची हे खरं आहे. वर्गात मी खोटं बोलले, तेही तुमच्यासमोर. पण मला ते दुकान आवडायचं. जगात सगळ्यात जास्त तेच आवडायचं."

एवढं बोलायला मला किती कष्ट पडले ते लिहिताना आताही कान गरम होतात. अण्णांना मराठी येत नाही, पण त्यांनी रिमोट हळूच मांडीवर ठेवला. माझ्या मागं टीव्हीवर वेणीबाई कुणाच्या तरी हातून मार खात असावी, तसे आवाज येत होते.  अप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला.

"लाज वाटत होती ते मला तेव्हाच कळलं," ते म्हणाले. "हे दुसरं पण सांगायचंस की गं तेव्हा. मी बंद केलं नसतं."